कॉलवर असूनही माणसांत राहायचं कसं

मी सोलापुरात भूलतज्ज्ञ आहे. कुठल्याही एका दवाखान्यात नोकरीला नाही. सात रस्ता, रेल्वे लाइन्स, होटगी रोड, अशोक चौक, जिथल्या सर्जनचा फोन येईल तिकडे जाते. लातूर, धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीपासूनचे पेशंट उपचाराला इथे येतात, त्यामुळे कामाला तोटा नाही, आणि हे काम वेळ विचारून येत नाही. तरी मला मैत्रिणी आहेत, शेजार आहे, सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याच्या गर्दीत मी असते आणि येळवशीला, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सणाला, कुणाच्या तरी शेतात पंगतीला बसलेली असते. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्या मुली विचारतात, ‘मॅडम, तुम्हाला हे जमतं कसं?’ बँकेत लागलेली भाचीही परवा हेच विचारत होती. म्हणून एकदा नीट लिहून काढते.

आधी मुख्य गोष्ट सांगते, बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. कामात बुडालेल्या माणसाची मैत्री वेळ कमी पडला म्हणून सहसा तुटत नाही. त्याच्या शब्दाचा भरवसा राहत नाही, तेव्हा तुटते. दोन महिन्यांतून एकदा भेटणारी, पण येते म्हणाली की येणारी मैत्रीण माणसांना पुरते. दर वेळी ‘बघू गं, जमलं तर’ म्हणणारीला लोक हळूहळू विचारेनासे होतात. तेव्हा दिवसाचे तास वाढवण्याच्या मागे लागू नका. भरवसा कसा टिकवायचा ते बघा.

आपल्या कामाचा हंगाम ओळखा

‘मला वेळच नसतो’ हे बहुतेकांच्या बाबतीत अर्धंच खरं असतं. प्रत्येक कामाला स्वतःचा हंगाम असतो आणि स्वतःची उसंत असते. ती उसंत रविवारीच येईल असं नाही, म्हणून दिसत नाही.

माझंच घ्या. ठरलेली ऑपरेशनं सकाळी असतात, कारण पेशंटला रात्रीपासून उपाशी ठेवणं सोयीचं जातं. जेवणानंतर निदान ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास गेल्याशिवाय आम्ही ठरलेल्या केसला भूल देत नाही. म्हणजे सकाळची लिस्ट, मग दुपारी एक पोकळी, मग संध्याकाळच्या केसेस, आणि रात्री कधीही येणारं तातडीचं सिझर. जगाची संध्याकाळ मोकळी असते तेव्हा माझी नसते, पण दुपारी तीन ते पाच बऱ्याचदा मोकळी असते. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकलेला असताना सोलापुरात त्या वेळी रस्त्यावर कुत्रंही नसतं, पण घरात माणसं जागी असतात. माझ्या कितीतरी भेटी भर दुपारी, पडदे ओढलेल्या खोलीत, कूलरसमोर आणि ताकाच्या ग्लासावर झाल्या आहेत. ‘ही काय यायची वेळ आहे का’ असं अजून मला कुणी म्हटलेलं नाही.

दुसरी उसंत पंचांगात आहे. दाते पंचांग आपल्या सोलापुरातलंच, आणि माझ्या टेबलावर ते औषधांच्या माहितीपुस्तकाशेजारी असतं. पुष्कळ लोक अमावस्येला ठरलेलं ऑपरेशन करून घेत नाहीत. हर्नियाचा किंवा पित्ताशयाचा पेशंट स्वतःच म्हणतो, ‘डॉक्टर, अमावस्या टळू द्या.’ ही समजूत योग्य की अयोग्य या वादात मी इथे पडत नाही. मला एवढंच कळतं की अमावस्येची सकाळ माझ्याकडे हलकी असते. आणि मार्गशीर्षातली वेळ अमावस्या, आपली येळवस, अमावस्येलाच येते! म्हणून येळवशीला अक्कलकोटच्या बाजूला मैत्रिणीच्या शेतात जाणं मला जमतं. आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि गावच्या सगळ्या वाटा शेताकडे वाहणाऱ्या. वर्षभर फोनवरही न सापडणारी माणसं तिथे एका जागी भेटतात.

तुमचं काम वेगळं असेल. साखर कारखान्यात असाल तर दिवाळीच्या आगेमागे गाळप सुरू झालं की ते संपेपर्यंत तुम्हाला हलता येत नाही, पण उन्हाळा मोकळा असतो. सगळी नातीगोती तेव्हा फिरून घ्या. सीए असाल तर जुलै आणि सप्टेंबरची अखेर सोडून बोला. बँकेत दुसरा आणि चौथा शनिवार हक्काचा असतो, त्यातला एक घरच्या कामांना आणि एक माणसांना द्या. मागचे दोन आठवडे तासातासाने कसे गेले ते एका वहीत लिहून काढा. उसंत कुठे आहे ते आपोआप दिसेल. मग त्या वेळेत बसणारी माणसं शोधा: रात्रपाळी करणारी नर्स, दुकान दुपारी बंद ठेवणारा वर्गमित्र, निवृत्त झालेले सर.

उत्तर स्पष्ट आणि त्याच दिवशी

कुणी बोलावलं की माझ्याकडे तीनच उत्तरं असतात. ‘येते’, ‘येणार नाही’, आणि ‘उद्या रात्री आठपर्यंत सांगते’. तिसरं उत्तर दिलं तर उद्या रात्री आठला फोन करायचाच, नकार द्यायचा असला तरी. पूर्व भागातली माझी एक तेलुगू मैत्रीण या बाबतीत माझी गुरू आहे. ती आमंत्रण देतानाच म्हणते, ‘येलालीस का नाही, तेवढं सांग. कारण नको.’ कारण सांगायचं नाही, हे मी तिच्याकडून घेतलं. लांबलचक कारण दिलं की समोरच्याला तुमची समजूत काढावी लागते आणि नकारापेक्षा ते जास्त जड जातं.

नकार देताना मात्र शेजारी एक होकार ठेवा, तारखेसह. ‘शनिवारी नाही जमणार, बुधवारी दुपारी साडेतीनला घरी आहेस का? मी येते.’ आणि ते ‘पुन्हा कधीतरी भेटू’ बोलण्यातून काढूनच टाका.

कॉल असलेल्या दिवशी बाहेर पडायचं तर

कॉलच्या दिवशी, म्हणजे फोन आला की लगेच निघावं लागतं त्या दिवशी, घरात बसून राहायचं, असं बरेच जण ठरवतात. मग महिन्यातले निम्मे दिवस गेले. मी बाहेर पडते, पण काही पथ्यं पाळून.

पहिलं अंतराचं. अत्यंत तातडीच्या सिझरमध्ये निर्णय झाल्यापासून ३० मिनिटांत बाळ बाहेर यावं, असा आमच्याकडे दंडक मानतात. त्या ३० मिनिटांत भूल द्यायला माझं पोचणंही आलं. म्हणून कॉलच्या दिवशी मी शहराबाहेर पाऊल टाकत नाही. हुरडा खायला, अक्कलकोटला, तुळजापूरला त्या दिवशी नाही म्हणजे नाही. पार्क चौपाटीवर पाणीपुरी, जुळे सोलापुरात कुणाच्या गच्चीवर गप्पा, सिद्धेश्वर मंदिर, हे चालतं.

दुसरं, स्वतःचं वाहन, आणि ते दुसऱ्या कुणाच्या गाडीमागे अडकणार नाही असं लावलेलं. तिसरं, अर्ध्यात उठून गेल्यावर ज्याचा विचका होतो असा बेत त्या दिवशी घ्यायचा नाही. हुतात्मा स्मृती मंदिरात जोडीने नाटकाला जायचं ते सुट्टीच्या दिवशी. अंधारात ओळीतल्या सगळ्यांचे पाय ओलांडत बाहेर जायचं आणि शेजारची खुर्ची रिकामी ठेवायची, यात दोघींचंही नाटक जातं. पंगत, हळदीकुंकू, वाढदिवस, भजन यांतून मधेच उठता येतं.

चौथं, गेल्या गेल्या यजमानीण बाईंना सांगायचं, ‘मी कॉलवर आहे. उठून गेले तर कुणी थांबू नका, ताट झाकून ठेवू नका.’ हे आधी सांगितलं की तुमचं जाणं कुणाला लागत नाही. आणि दारू घेत असाल तर कॉलच्या दिवशी थेंबही नाही. यावर आग्रह करणाऱ्या मंडळींना एकदाच नीट सांगा की माझ्या हातात दुसऱ्याचा श्वास असतो. पुन्हा कुणी आग्रह करत नाही.

जागरणाबद्दलही इथेच बोलते, कारण यात मी फार कडक आहे. रात्रभर ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, काढल्यावर सकाळी गाडी चालवत पंढरपूरला किंवा लग्नाला जायचं नाही. झोप झालेली नसताना स्टिअरिंगवर डोळा लागतो आणि लागला हे कळतही नाही. जायचंच असेल तर चालवायला दुसरा माणूस घ्या. नाहीतर झोपा आणि संध्याकाळी भेटा. लोकांत मिसळण्याच्या हौसेपायी झोप विकू नये.

अदलाबदल, आणि ती प्रामाणिक

सगळ्यात मोठा आधार कशाचा झाला असं विचाराल तर कामातल्या सोबत्यांचा. सोलापूर यासाठी देवाने घडवलेलं गाव आहे, असं मला मनापासून वाटतं. इथे मराठी, कानडी, तेलुगू, उर्दू बोलणारी माणसं एकाच ओटीत असतात आणि प्रत्येकाचा मोठा दिवस वेगळा.

संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा असते. नंदीध्वज निघतात, बाराबंदी घातलेली माणसं ते पेलत चालतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. त्या दिवशी माझे फोन घेतो तो आमचा मुस्लिम सहकारी. रमजान ईदला आणि बकरी ईदला त्याचे फोन माझ्याकडे असतात, रात्रीचेसुद्धा. नारळी पौर्णिमेला पूर्व भागात मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो, तेव्हा पद्मशाली समाजातल्या सहकारी बाईंची केस मी करते. नाताळ आणखी एकाचा. वर्षाचं पंचांग हातात आलं की आम्ही चौघं चहाला बसतो आणि या तारखा वाटून घेतो. सगळ्यात आधी सणांच्या तारखा, सुट्ट्या नंतर.

अदलाबदल टिकवायची तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. मागणी किमान १५ दिवस आधी आणि लेखी, व्हॉट्सॲपवर चालेल, म्हणजे पुढे ‘तू असं म्हणाली होतीस’ होत नाही. जो केस करेल, फी त्याची. आणि समोरच्याने मागायच्या आधी परतफेड करा. त्याच्या मुलीची दहावीची परीक्षा आहे हे तुम्हाला माहीत असेल तर तुम्हीच फोन करा की या आठवड्यातल्या तुझ्या रात्री मी घेते.

एक सीमा मात्र मी कधी ओलांडत नाही. भूल दिलेला पेशंट टेबलावर असताना कार्यक्रमासाठी केस दुसऱ्याच्या हाती सोपवायची नाही. केस सुरू व्हायच्या आधी बदल होऊ शकतो. तेव्हाही पेशंटचं वजन, ॲलर्जी, आधीचे आजार, चालू गोळ्या, शेवटचं कधी खाल्लं, श्वासनळीत नळी घालायला अवघड जाईल का, हे सगळं तोंडी आणि कागदावर दोन्हीकडे द्यायचं. तुमच्या कामातही अशी एक सीमा असेलच. ती ठरलेली असली की बाकीच्या वेळी निवांत मनाने बाहेर पडता येतं, आणि भेटायला गेलेलं मन मागे ओटीत अडकून राहत नाही.

न ठरवता भेटायची एक जागा

पाच कामाच्या माणसांची एक वेळ जुळवायची म्हणजे ग्रुपवर शंभर मेसेज आणि शेवटी कुणीच नाही. यावर आम्ही शोधलेला उपाय अगदी साधा आहे. दर गुरुवारी संध्याकाळी साडेसातनंतर सिद्धेश्वर तळ्याच्या काठाला, नेहमीच्या जागी. फोन नाही, आठवण नाही, ‘येणार का’ नाही. जी मोकळी असेल ती येते, नसेल ती येत नाही. कधी पाच असतो, कधी दोघीच. कुणीच आलं नाही तर दर्शन घेऊन, तळ्याला एक फेरी मारून घरी. दोन गुरुवार चुकले तरी तिसऱ्या गुरुवारी जागा तिथेच असते आणि कुणाला स्पष्टीकरण द्यावं लागत नाही.

तुमची जागा स्मृती उद्यान असेल, धर्मवीर संभाजी तलावाची सकाळची फेरी असेल, चहाची टपरी असेल. अटी दोनच: पैसे फार लागू नयेत, आणि कुणाही एकाच्या येण्यावर ती अवलंबून नसावी. शाळेचा साठ जणांचा ग्रुप म्हणजे सामाजिक आयुष्य आहे, असं समजू नका. तिथे वाढदिवसाचे केक फिरतात. आजारी पडल्यावर डबा घेऊन येणारी माणसं चार-पाचच असतात आणि ती गुरुवारी भेटतात.

शेजाराचंही इथेच सांगते. आपल्या शहरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि पाण्याच्या वेळेला घरी माणूस लागतं. मी ओटीत असले की समोरच्या काकू आमची मोटर चालू करतात, टाकी भरली की बंद करतात. मी आठवड्यातून एकदा त्यांचा बीपी मोजायला जाते आणि चहा पिऊन येते. बीपी दोन मिनिटांत मोजून होतो, मी अर्धा तास बसते. दिवसभर मास्कमागून बोलणाऱ्या मला तो अर्धा तास फार लागतो.

घरी बोलवा, पण स्वयंपाक मांडू नका

बायकांनी लोकांना घरी बोलावणं थांबवलंय ते स्वयंपाकाच्या धास्तीने. सोलापूरकरांना ही धास्ती असायचं कारण नाही. कडक भाकरी दिवसेंदिवस टिकते, शेंगाची चटणी डब्यात महिनाभर राहते, दही विरजायला कष्ट नाहीत. संध्याकाळी साडेआठला कळलं की आजची शेवटची केस रद्द झाली, तर नऊला चार माणसं जेवायला बोलावता येतात. कडक भाकरी कुस्करून वर गरम आमटी, बाजूला चटणी, दही, कांदा. सणाच्या आसपास डब्यात शेंगापोळी असली तर आणखी काही नको. भाकरी घरी करणं मला होत नाही. करून विकणाऱ्या बायका सगळ्या पेठांत आहेत, त्यांच्याकडून घेते. पाहुण्यांनी आपापली ताटं उचलायची, हा आमच्या घरचा नियम सासूबाईंनी घातला आहे, त्यामुळे कुणी बोलत नाही.

घरातल्यांना वगळून बाहेरची माणसं जपता येत नाहीत. मला गड्ड्यात पाळण्यात बसायला नको असतं, लेकीला हवं असतं, म्हणून बसते. नवऱ्याच्या कॉलेजातल्या सहकाऱ्यांबरोबर वर्षातून एकदा हुरड्याला जाते, माझ्या ओळखीचं कुणी नसलं तरी.

लग्नं आणि दुःखाची घरं

सगळ्या लग्नांना जाणं शक्य नाही, तेव्हा त्या अपेक्षेतून मोकळे व्हा. दुपारच्या अक्षतांना धावतपळत पोचून, स्टेजपुढच्या रांगेत उभं राहून, फोटो काढून परत येण्यात कुणाशीच भेट होत नाही. मी आदल्या संध्याकाळी जाते, हळदीला किंवा घरी. तेव्हा नवरीची आई पाच मिनिटं हात धरून बोलते, आजी ओळखते, आहेर हातात देता येतो. तेही नाही जमलं तर लग्नानंतरच्या पंधरवड्यात नव्या जोडप्याला जेवायला बोलवा.

मृत्यूच्या घरी मात्र उशीर करू नका. त्या दिवशी, नाहीतर दुसऱ्या दिवशी जा. दहा मिनिटं बसा, बोलायला सुचलं नाही तर बोलू नका. आणि साधारण महिन्याने पुन्हा जा, कारण तेव्हा येणारे संपलेले असतात.

बरेच दिवस न बोललेल्या माणसाकडे

हे वाचताना तुमच्या मनात एखादं नाव आलं असेल. त्याला लांब मेसेज लिहू नका, ‘किती वर्षं झाली ना’ वगैरे काही नको. ठोस बोलावणं पाठवा, वेळ आणि जागा धरून. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी जाणारी गर्दी आपण सगळेच बघतो. साधारण ४५ किलोमीटरची वाट आहे, रात्रभर रस्ता माणसांनी भरलेला असतो, ठिकठिकाणी चहा आणि फराळ मिळतो. जुनं बोलणं पुन्हा सुरू करायला अशी चालण्याची रात्र फार चांगली, कारण समोरासमोर बसून बोलावं लागत नाही, शेजारी चालत बोलता येतं. पूर्ण झेपणार नसेल तर तामलवाडीपर्यंत चला आणि तिथून घरच्या कुणाला तरी गाडी घेऊन बोलवा. पायात जुनी, रुळलेली चप्पल किंवा बूट घाला, नवीन घेऊ नका. दुसऱ्या दिवशीची सुट्टी आताच मागून ठेवा, किंवा त्या दिवसाचा कॉल कुणाला तरी देऊन ठेवा.

कोजागरी लांब असेल तर येता गुरुवार चालेल. ‘संध्याकाळी साडेसातला तळ्यावर असते, येतेस का?’ एवढाच मेसेज. उत्तर नाही आलं तर महिन्याभराने पुन्हा एकदा विचारा, त्याच शब्दांत.